रेषा, छाया आणि संगमरवर : नव-अभिजात रेखाटनांतून घडलेले प्राचीन शिल्प

१

रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासाच्या पस्तिसाव्या भागात एक आख्यायिका नोंदविली आहे. कॉरिंथ येथे राहणाऱ्या ब्युटाडीस नावाच्या कुंभाराच्या मुलीचा प्रियकर परदेशी जावयास निघाला होता. दिव्याच्या उजेडात त्याच्या मुखाची सावली भिंतीवर पडली. त्या सावलीच्या कडेकडेने मुलीने रेघ ओढून घेतली. पुढे बापाने त्या रेघेच्या आत माती थापून मुखाचा उठाव तयार केला व तो इतर भांड्यांबरोबर भट्टीत भाजला. मूर्तिकलेचा जन्म असा झाला, असे प्लिनी सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कथा चित्रकारांना अतिशय प्रिय झाली. डेव्हिड ॲलन याने १७७५ साली, जोसेफ राइट याने १७८२ ते १७८४ या काळात आणि सुव्हे याने १७९१ साली हाच प्रसंग चित्रविषय म्हणून घेतला.

या कथेतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम छाया, नंतर रेषा, आणि शेवटी मूर्ती. ज्या पिढीने ही कथा पुनःपुन्हा रंगविली, तिचा स्वतःचा व्यवहार मात्र नेमका उलट होता. तिच्यासमोर मूर्ती तयार होती; तिच्यावरून ती रेषा व छाया कागदावर उतरवीत होती. रोममधील संग्रहांत, प्लॅस्टरच्या प्रतिकृतींनी भरलेल्या विद्यालयांत, सरदारांच्या उद्यानगृहांत हजारो रेखाटने या रीतीने तयार झाली. त्यांच्याकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी, की ती प्राचीन शिल्पाची नक्कल होत. शिकाऊ हाताला वळण लावण्यापलीकडे अगर मोठ्या चित्राची तयारी करण्यापलीकडे त्यांस विशेष अर्थ नाही. ही दृष्टी अपुरी आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. रेखाटन हा शिल्पावरचा अभिप्राय असतो. कोणती कड घ्यावयाची, कोणती छाया सोडावयाची, भंगलेला भाग कसा दाखवावयाचा, या प्रत्येक निर्णयात प्राचीन कलेविषयीचे एक मत दडलेले असते. ‘अभिजात’ म्हणून जे पुढील पिढ्यांच्या हाती आले, ते पुष्कळ अंशी या निर्णयांतून घडलेले आहे.

२

प्रथम एक तांत्रिक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूर्तीला बाह्यरेषा नसते. पाहणारा एक पाऊल बाजूला सरकला, की मूर्तीची कड बदलते. खांद्यामागे दडलेला हात पुढे येतो, कमरेचा बाक नाहीसा होतो. म्हणून मूर्तीची बाह्यरेषा काढणे म्हणजे तिच्या असंख्य कडांतून एकीची निवड करणे होय. छायेचेही तसेच आहे. छाया ही मूर्तीची मालमत्ता नव्हे. ती त्या त्या स्थळीच्या प्रकाशाची असते. खिडकी डावीकडे असेल तर एक छाती दिसते, दिवा खाली ठेवला तर दुसरीच. सारांश, रेषा पाहणाऱ्याची जागा ठरविते आणि छाया प्रकाशाची जागा ठरविते. या दोन्ही जागा चित्रकाराने निवडलेल्या असतात, मूर्तिकाराने नव्हे.

रेषेला या काळात एवढी प्रतिष्ठा प्राप्त झाली, तिचे श्रेय मुख्यतः योहान योआखिम विंकेलमान याला द्यावे लागेल. ग्रीक कृतींच्या अनुकरणासंबंधीचा त्याचा निबंध १७५५ साली ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध झाला आणि प्राचीन कलेचा इतिहास १७६४ साली. पहिल्या निबंधात त्याने ग्रीक शिल्पाचे जे गुण सांगितले त्यांत साधेपणा व शांत थोरवी यांच्या बरोबरीने बाह्यरेषेची शुद्धता हा एक प्रमुख गुण होता. विशेष हे, की हा निबंध लिहिला तेव्हा त्याने रोम पाहिले नव्हते. लाओकून या शिल्पाविषयी त्याने जे प्रसिद्ध विवेचन केले, तेही मूळ शिल्प डोळ्यांनी पाहण्यापूर्वीचे आहे. ज्या ग्रंथाने युरोपला मूर्तीकडे पाहावयास शिकविले, तो अशा रीतीने मूर्तीच्या सान्निध्याबाहेर जन्मास आला.

शिवाय रोममध्ये तरी चित्रकारांपुढे काय होते? त्यांतील बहुतेक मूर्ती ग्रीक मूळ कृतींच्या रोमन काळातील प्रतिकृती होत्या, हे आज सर्वमान्य आहे. त्यांपैकी अनेक भंगलेल्या सापडल्या होत्या आणि कावाचेप्पीसारख्या कारागिरांनी त्यांस नवे नाक, नवे हात, नवी बोटे बसविली होती. प्रत्यक्ष संगमरवरावर हे सांधे बारकाईने पाहणाऱ्यास दिसतात. कागदावर मात्र अखंड रेषा त्या सांध्यावरून सहज वाहत जाते. प्राचीन धड व अर्वाचीन बाहू यांना ती एकाच देहाचे भाग म्हणून प्रमाणपत्र देते.

लाओकूनचे उदाहरण येथे निर्णायक आहे. हे शिल्प १५०६ साली रोममध्ये जमिनीतून निघाले तेव्हा त्यातील पित्याचा उजवा बाहू नव्हता. पुढे त्याच शतकात त्याला वर ताणलेला बाहू जोडण्यात आला व नंतरच्या दुरुस्त्यांतही तो वर ताणलेलाच राहिला. नव-अभिजात काळातील असंख्य रेखाटनांत डाव्या पायापासून त्या उंचावलेल्या मुठीपर्यंत जाणारी एक दीर्घ तिरकी रेषा दिसते आणि शिल्पाचा सारा आवेश तिच्यात एकवटलेला वाटतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लुटविग पोलाक यांना मूळ बाहू सापडला. तो कोपरात दुमडून मस्तकामागे वळलेला आहे. त्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या अखेरीस तो शिल्पाला जोडण्यात आला, आणि ती तिरकी रेषा नाहीशी झाली. शतकानुशतके ज्या रेषेचे मनन झाले, ती प्राचीन शिल्पकाराची नव्हतीच.

३

झाक-लुई दाव्हीद हा १७७४ साली फ्रेंच अकादमीचे रोम-पारितोषिक मिळवून पुढील वर्षी रोमला गेला आणि १७८० पर्यंत तेथे राहिला. या पाच वर्षांत त्याने प्राचीन मूर्ती, उठावशिल्पे, शवपेटिका, वस्त्रे, आसने, शस्त्रे यांची शेकडो रेखाटने केली. ती त्याने पुढे कापून, विषयवार लावून दोन मोठ्या संग्रहांत चिकटविली व जन्मभर जवळ बाळगली. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी या संग्रहांचे बारा भाग केले. आज ते पॅरिस, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस इत्यादी ठिकाणच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत.

या पानांतील अनेकांवर एकच पद्धत आढळते. प्रथम टाकाने अगर काळ्या खडूने नेमकी बाह्यरेषा, आणि मग करड्या शाईची पातळ झाक, तीही एका बाजूने, सपाट पट्ट्यांनी. येथे अर्धछायेचे नाजूक चढउतार फारसे नाहीत. देहाची गोलाई दाखविण्यापेक्षा देहाचे विभाग पाडणे हा त्या छायेचा हेतू दिसतो : हा उजेडातला भाग, हा अंधारातला. मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या मोजून घेतल्यासारख्या येतात. ज्यांनी १७८४ साली रोममध्येच पूर्ण केलेले ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे त्याचे चित्र पाहिले आहे, त्यांना त्या चित्रातील ताठ, कडेने कोरल्यासारख्या आकृतींचे मूळ या करड्या झाकेत सापडेल. शिल्पापासून दाव्हीदने घेतली ती त्याची शिस्त. त्याचे मांस त्याने मागे ठेवले.

परंतु ही शिस्त त्याला सहजासहजी साधली नव्हती. त्याचा शिष्य देलेक्लूझ याने गुरूसंबंधी लिहिलेल्या ग्रंथात एक मार्मिक हकीकत दिली आहे. रोममध्ये असताना दाव्हीदने एका प्राचीन मस्तकाची जशीच्या तशी प्रत काढली. मग बिऱ्हाडी परत आल्यावर तेच मस्तक पुन्हा काढून त्यात त्याने भुवयांना आठी घातली, ओठ किंचित विलग केले, मुद्रेत हालचाल आणली. पुढील आयुष्यात तो हे दुसरे मस्तक शिष्यांस दाखवी आणि त्यात आपण आधुनिकपणाचा रस्सा ओतला होता, अशी स्वतःची थट्टा करी. या हकीकतीत एका कलावंताचे सारे शिक्षण सामावलेले आहे. दोन रेखाटने शेजारी ठेवली असता कळून येते, की काही केसभर रेषा इकडच्या तिकडे झाल्याने दगडाची अविचल मुद्रा रंगभूमीवरील नटाची होऊ शकते. दाव्हीदने पहिल्या मस्तकाला खरे मानले व दुसऱ्याला खोटे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दोहोंनाही अर्थनिर्णय मानले पाहिजे. कारण भावविहीनता हाच प्राचीनांचा खरा स्वभाव, हेही अखेर त्या काळाचेच मत होते.

४

दाव्हीदने छाया आखडती घेतली. जॉन फ्लॅक्समन याने ती पूर्णपणे सोडून दिली. त्याचा जन्म १७५५ साली यॉर्क येथे झाला. बाप प्लॅस्टरच्या प्रतिकृती तयार करून विकणारा. त्यामुळे प्राचीन मूर्तींची पांढरी रूपे पाहतच तो वाढला. १७७५ पासून तो वेजवुड यांच्या मातीकामाच्या कारखान्यासाठी उठावचित्रांचे नमुने करू लागला. १७७८ साली त्याने केलेला होमरच्या गौरवाचा उठाव एका ग्रीक कलशावरील चित्राच्या छापील प्रतीवरून घेतलेला होता. नेपल्स येथील इंग्रज वकील विल्यम हॅमिल्टन याच्या कलशसंग्रहाचे सचित्र खंड त्या वेळी युरोपभर गाजत होते. हॅमिल्टनचा पहिला संग्रह रंगीत पानांनी प्रसिद्ध झाला होता. दुसरा संग्रह टिशबाइन याच्या देखरेखीखाली १७९१ पासून प्रसिद्ध झाला, तो केवळ बाह्यरेषांत. कलशावरील सपाट चित्र आणि संगमरवरी मूर्ती या दोन वेगळ्या जाती होत. पण रेषेच्या पातळीवर त्या एक झाल्या. फ्लॅक्समनच्या कामगिरीचे बीज येथे आहे.

१७८७ ते १७९४ हा काळ त्याने रोममध्ये घालविला. तेथे श्रीमती हेअर-नेलर यांच्या सांगण्यावरून त्याने होमरच्या दोन्ही महाकाव्यांवर चित्रमालिका काढल्या. तोम्मासो पिरोली याने त्या ताम्रपटावर कोरल्या व १७९३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. एस्किलस व दान्ते यांवरील मालिकाही याच मुक्कामातील होत. निद्रा व मृत्यू हे पंखधारी जुळे भाऊ सार्पेडॉनचा देह लिशियाकडे नेत आहेत, हे त्यांतील एक प्रसिद्ध चित्र. येथे जवळजवळ एकाच जाडीच्या रेषेने देह, वस्त्र व पंख काढले आहेत. छाया नाही; पार्श्वभूमीची खोली नाही; आकृती कागदाच्या पृष्ठाशी समांतर सरकतात, जशा त्या शवपेटिकेच्या दर्शनी बाजूवर सरकाव्यात. मृतदेहाचे वजन आपणास जाणवते ते केवळ लोंबत्या हाताच्या वळणातून.

छाया काढून टाकल्याने नेमके काय घडले? मूर्तीचे द्रव्य गेले. ती संगमरवराची की काशाची, हा प्रश्न उरला नाही. प्रकाश गेल्यामुळे सकाळ-संध्याकाळ गेली. भंगाचे चरे, सांधे, डाग गेले. मागे राहिली ती निखळ कल्पना. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल याने १७९९ साली या चित्रांवर लिहिताना हाच त्यांचा गुण मानला : बाह्यरेषा कवितेप्रमाणे केवळ सूचना देते आणि उरलेले पाहणाऱ्याची कल्पनाशक्ती पुरे करते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. गटेने मात्र त्याच सुमारास फ्लॅक्समनविषयी लिहिताना हात राखूनच स्तुती केली. या चित्रांना लाभलेल्या प्रसाराचे एक व्यावहारिक कारणही होते. बाह्यरेषेचा ताम्रपट कोरावयास थोडे श्रम पडत आणि त्याची नक्कल कोणालाही करता येई. त्यामुळे ही ‘ग्रीक’ रेषा पॅरिस, बर्लिन, माद्रिद अशी सर्वत्र पोहोचली. अँग्र याच्या १८११ सालच्या ‘ज्युपिटर आणि थेटिस’ या चित्रातील विनवणी करणारी थेटिस फ्लॅक्समनच्या त्याच प्रसंगाच्या चित्राची आठवण करून देते, हे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. ज्यांनी रोम पाहिले नाही त्यांनी प्राचीन शिल्प पाहिले ते पुष्कळदा या रेषेतून.

५

छायेची बाजू घेणारेही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मशालींच्या उजेडात मूर्ती पाहण्याची प्रथा पडली. गटेच्या इटलीप्रवासाच्या वृत्तांतात व्हॅटिकन व कॅपिटोल येथील अशा भेटींचे वर्णन आहे. दिवसाच्या पसरट उजेडात कोनाड्यातील मूर्ती सपाट भासे. हलत्या ज्योतीपुढे तिची प्रत्येक पेशी उठून येई. या अनुभवाला पांढऱ्या कागदावरची टाकाची रेषा न्याय देऊ शकत नव्हती.

येथे कागदाच्या रंगाचाही विचार केला पाहिजे. पांढऱ्या कागदावर काढलेल्या मूर्तीत उजेडाचा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. कागदाचा पांढरेपणा आपोआप संगमरवराचा पांढरेपणा होतो. ग्रीक मूर्ती रंगविलेल्या असत, हे कात्रमेर द कँसी याने १८१४-१५ मध्ये ऑलिंपियाच्या ज्युपिटरवरील ग्रंथात साधार मांडले, आणि अलीकडे म्युनिक येथे २००३ साली भरलेल्या प्रदर्शनापासून रंगांच्या अवशेषांची ओळख सामान्य प्रेक्षकांसही झाली आहे. तरी शुभ्र ग्रीस ही कल्पना इतकी चिवट का ठरली, याचे एक उत्तर रेखाटनाच्या या साध्या साधनात आहे. जे न काढता मिळते, त्याच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

पियेर-पॉल प्रुदाँ याने वेगळी वाट धरली. तोही रोममध्ये शिकलेला, कानोव्हाचा स्नेही. त्याची विवस्त्र देहांची रेखाटने निळसर कागदावर काळ्या व पांढऱ्या खडूने काढलेली असतात. निळ्या कागदावर उजेड कोरा सोडता येत नाही. तो हाताने घालावा लागतो. त्यामुळे प्रुदाँच्या रेखाटनात प्रकाश हाच एक पदार्थ होऊन देहावर साकळलेला दिसतो आणि बाह्यरेषा काळोखात विरून जाते. ही रेखाटने जिवंत माणसाला पुढे बसवून केलेली आहेत, पण पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की दिव्याच्या उजेडात संगमरवर पाहत आहोत. दाव्हीद व फ्लॅक्समन यांनी दगडाचा विचार केला. प्रुदाँने माणसाला दगडाची शांतता दिली.

छायेची खरी परीक्षा मात्र लंडनमध्ये झाली. लॉर्ड एल्गिन याने अथेन्सच्या पार्थेनॉनवरील शिल्पे इंग्लंडात आणली होती. त्यांची दुरुस्ती करण्याची विनंती १८०३ साली कानोव्हाला केली असता, या दगडांना हात लावणे अनुचित होईल असे सांगून त्याने ती नाकारली. म्हणून ही शिल्पे भंगलेल्या स्थितीतच राहिली. बेंजामिन रॉबर्ट हेडन या तरुण चित्रकाराने ती १८०८ साली पार्क लेनमधील एका पडवीत प्रथम पाहिली आणि पुढे कित्येक दिवस रात्री उशिरापर्यंत तेथे बसून त्यांची रेखाटने केली. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की पहिल्याच दृष्टिक्षेपात एका स्त्रीमूर्तीच्या मनगटातील दोन हाडे त्वचेखाली स्पष्ट दिसली आणि तो थक्क झाला. मस्तक नाही, पावले नाहीत, कड ठिकठिकाणी फुटलेली. अशा शिल्पात बाह्यरेषेला धरावयास काहीच उरत नाही. चित्रकाराला आत शिरावे लागते : फासळीवरून सरकणारी अर्धछाया, बरगडीखालचा खळगा, वळताना ताणलेली कातडी. हेडनच्या खडूने नेमके हेच टिपले.

हा वाद केवळ चित्रकारांच्या आवडीनिवडीचा नव्हता. ही शिल्पे सरकारने विकत घ्यावीत की नाही, हे ठरविण्यासाठी १८१६ साली पार्लमेंटची समिती बसली. पेन नाइट याच्यासारखा मान्यवर संग्राहक त्यांना कमी लेखीत होता. समितीपुढे साक्ष देताना फ्लॅक्समनने या शिल्पांची मोठी प्रशंसा केली. तथापि पार्थेनॉनचा थीसियस व अपोलो बेल्व्हेडेर यांची तुलना करण्यास सांगितले असता, आदर्श सौंदर्याच्या दृष्टीने त्याने अपोलोला झुकते माप दिले. हेडनला साक्षीस बोलाविले नाही. त्याने वृत्तपत्रांतून पेन नाइटवर तुटून पडणारा लेख लिहिला. अखेर पस्तीस हजार पौंडांस ही शिल्पे खरेदी झाली. ती अथेन्सहून नेण्याच्या न्याय्यतेविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. पण प्रस्तुत संदर्भात ध्यानात घ्यावयाचे ते हे, की रेषेवर पोसलेल्या डोळ्याला अपोलो श्रेष्ठ दिसला आणि छायेवर पोसलेल्या डोळ्याला थीसियस. मत बनविणारा हात अगोदर होता. मत मागून आले.

६

रेषेचा प्रवास कागदावरच संपला नाही. ती पुन्हा संगमरवरात उतरली, आणि तिचे एक स्थान मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहे. तंजावरचे सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांच्यावर ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या धर्मोपदेशकाचे पितृवत प्रेम होते. श्वार्ट्झ १७९८ साली वारल्यावर राजांनी त्याचे स्मारक फ्लॅक्समनकडून करवून घेतले. ते तंजावरच्या किल्ल्यातील ख्रिस्तमंदिरात आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा हात राजे सरफोजी हाती घेत आहेत, असा त्यावरील उठावशिल्पाचा देखावा आहे. फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नव्हता. तंजावरच्या या मराठा राजाचा शोक त्याने मांडला तो होमरच्या चित्रांत कमावलेल्या वळणाने : पलंगाभोवती एका पातळीत उभ्या आकृती, मोजकी हालचाल, स्वच्छ कडा. कलशावरून कागदावर आणि कागदावरून दगडात आलेली ती रेषा अशा प्रकारे कावेरीच्या तीरी पोहोचली.

पुढे मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतही, युरोपातील विद्यालयांप्रमाणेच, प्राचीन मूर्तींच्या प्लॅस्टर-प्रतिकृतींवरून रेखाटन करणे हा शिक्षणाचा भाग झाला. त्या प्रतिकृती पांढऱ्या होत्या, सांधे बुजलेल्या होत्या, आणि त्या कशा पाहाव्यात हे दाव्हीद-फ्लॅक्समन यांच्या पिढीने आधीच ठरवून दिले होते. आपल्याकडे ‘ग्रीक आदर्श’ म्हणून ज्याचा गौरव झाला व पुढे परका म्हणून ज्याचा निषेधही झाला, तो या दृष्टीने पाहता ग्रीसचा थोडा आणि १७७५ ते १८१६ या चार दशकांतील रोम-लंडनचा अधिक होता.

म्हणून या रेखाटनांकडे नक्कल म्हणून पाहणे सोडून दिले पाहिजे. प्राचीन मूर्ती कशी होती हे ती आपणास क्वचितच सांगतात. मूर्तीपुढे बसलेल्या माणसाला काय हवे होते, हे मात्र ती निःसंशय सांगतात. कॉरिंथच्या त्या मुलीनेही प्रियकराचे मुख भिंतीवर उतरविले नव्हते. तिने उतरविली होती त्याची सावली, आणि तीही त्या रात्री दिवा जेथे होता तेथून पडलेली.